हात कुशीत

फेब्रुवारी महिन्यातील शेवटच्या रविवारी, सकाळी, घाऊक भाजीबाजाराला सुट्टी असताना, बाजाराच्या दुमजली इमारतीमागे, मालाच्या हातगाड्या वरच्या मजल्यावरून खाली आणण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या उतारावरून माझ्या भाचीने चाकांच्या फळीवर उभे राहून एकदा खाली यावे, आणि ती फळी घरात राहणार की भंगारवाल्याकडे जाणार याचा निर्णय तिच्या आईने जागेवरच द्यावा, असे ठरले होते. आईखेरीज निर्णयाचा अधिकार कोणालाही नव्हता. उपस्थितांपैकी इतर सर्वांना मते होती. परंतु मत आणि अधिकार या दोन भिन्न वस्तू आहेत, हे माझी बहीण कोणालाही अल्पावधीत पटवून देऊ शकते.

भाचीला घरात भिंगरी म्हणतात. चालायला लागल्यापासून ती एका जागी स्थिर राहिलेली कोणी पाहिली नाही, म्हणून हे नाव पडले आणि खरे नाव कागदोपत्रीच उरले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करते. फिरत्या चाकाला काच लावून ती चौकटीच्या आकाराची होईपर्यंत हाताने वळवत राहायची. हे काम डोळ्यांपेक्षा मनगटाचे अधिक. संध्याकाळी ती आणि तिचे सवंगडी एका बंद पडलेल्या वाहनतळावर स्केटबोर्ड खेळत. मी त्या वस्तूला चाकांची फळी म्हणतो. त्यावर ती म्हणते, "मामा, तुझ्या तोंडाला जुन्या शब्दकोशाचा वास येतो." मी छापखान्यात मुद्रिते तपासतो, तेव्हा ही मी प्रशंसा समजतो.

बाजाराच्या उताराच्या पायथ्याशी पाणी जाण्यासाठी एक आडवी नाली आहे. तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली आहे आणि जाळीची कड सिमेंटपेक्षा बोटभर उंच आहे. दिवाळखोर माणसाने मित्राला ओळख दाखवू नये तशी ती कड वरून उतरणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. थंडीच्या सुरुवातीला भिंगरी या उतारावरून आली, चाके कडेला अडली, फळी थांबली आणि भिंगरी थांबली नाही. तिने डावा हात पुढे केला. मनगटाचे हाड मोडले.

माझी बहीण इस्पितळाच्या प्लास्टरखोलीत काम करते. मोडलेली हाडे डॉक्टर जुळवतात आणि ती बांधते. त्या संध्याकाळी तिची पाळी होती. मी भिंगरीला घेऊन गेलो तेव्हा ती कोमट पाण्याच्या बादलीत पट्ट्या भिजवत होती. तिने मुलीकडे पाहिले, मग हाताकडे पाहिले, आणि नंतर बराच वेळ फक्त हाताकडेच पाहिले.

"बोटं हलव."

"दुखतंय, आई."

"दुखणारच. हात कशाला पुढे केलास?"

"पडत होते म्हणून."

"सगळे हेच सांगतात. जमीन काय तुझा मामा आहे, हात पुढे केला की उचलून घ्यायला? पडायचं तर अंगावर पडावं, बुडावर पडावं. हात पुढे केला की सगळं धूड या एवढ्याशा हाडावर येतं."

"तू प्लास्टर घालतेयस की भाषण देतेयस?"

"दोन्ही. हाड जोडून मिळतं. अक्कल जोडायचं प्लास्टर अजून निघालेलं नाही, नाहीतर पहिलं तुझ्या मामाच्या डोक्याला घातलं असतं. त्यानंच घेऊन दिली ना ती फळी?"

फळी मीच घेऊन दिली होती. वाढदिवसाची भेट म्हणून मी तिला गद्यवेच्यांचा एक उत्तम संग्रह देऊ केला असता तिने तो मागे सारून फळी मागितली होती. परंतु ही वेळ बाजू मांडण्याची नव्हती.

प्लास्टर असेपर्यंत भिंगरीला दुकानात काम नव्हते. घरात बसून ती भिंतींना कंटाळली आणि वाचायला काहीतरी आण असे म्हणाली. मी माझ्या कपाटातील तीन जाड ग्रंथ नेऊन दिले. पुढच्या खेपेस पाहिले, तर त्या तिन्ही ग्रंथांवर उशी ठेवून तिने आजारी हात टेकवला होता आणि उजव्या हातात एक मळकट, कोपरे दुमडलेली कादंबरी होती. ती तिला दुकानातल्या कोणीतरी दिली होती. तिचे नाव 'गटारावरची झाकणं'.

या जातीच्या पुस्तकांविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि ते मी तिथल्या तिथे मांडले. वाक्याला क्रियापद नसणे हा वेग नव्हे, आळस आहे. शिवी हे वास्तव असेलही, पण प्रत्येक पानावर तेच वास्तव आले तर त्याची जाहिरात होते. शहराच्या अंधाऱ्या गल्ल्या दाखवायच्या तर लेखकाने हातात दिवा धरावा लागतो; स्वतःच अंधारात जाऊन बसणे ही कला नव्हे.

"वाचलंस का तू?" भिंगरीने विचारले.

"न वाचताही सांगता येतं."

"मग आई म्हणते ते खरं. प्लास्टर डोक्यालाच पाहिजे."

केवळ आक्षेपांना पुरावा हवा म्हणून मी ते पुस्तक घरी नेले आणि शिसपेन्सिल घेऊन वाचले. समास खुणांनी भरून गेले. मात्र एका परिच्छेदापाशी पेन्सिल थबकली. कादंबरीतील नायिका, जिला टोळीतले सगळे 'कात्री' म्हणतात, पाठलाग चुकवत फळीवरून एका उतारावर येते. तो परिच्छेद असा:

"डांबर संपलं, सिमेंट लागलं. दातात आवाज. खाली नाली, नालीवर जाळी, जाळीला कड. कडेला तोंड द्यायचं नसतं. कात्रीनं पाठ दिली. मागची चाकं आधी. नजर वर, जिथून आलो तिथं. पोट आत. हात कुशीत. खट. गेली कड."

यातील 'हात कुशीत' हे दोन शब्द मला अनावश्यक वाटले आणि तसे मी समासात लिहिलेही. बाकी परिच्छेदाला बोट लावायला जागा नव्हती. क्रियापदे नसतानाही तो उभा होता, आणि याचा मला थोडा त्रास झाला.

प्लास्टर निघाले. हाड चांगले जुळले होते. भिंगरी कामावर जाऊ लागली. पण एक गोष्ट बिघडली. सपाट जमिनीवर ती पूर्वीसारखीच फिरे, मात्र समोर कड आली, मग ती फरशीची असो की रस्त्याच्या डागडुजीची, तिचा पाय आपोआप खाली येई. ती फळी काखेत घेऊन कड ओलांडी आणि पलीकडे पुन्हा चढे. सवंगड्यांनी तिला 'पादचारी' म्हणायला सुरुवात केली. पुढे तिने वाहनतळावर जाणे सोडले आणि फळी पलंगाखाली गेली. पलंगाखालची वस्तू माझ्या बहिणीच्या झाडूपासून फार काळ सुरक्षित राहत नाही.

"ही वापरत नाहीस ना? भंगारवाला शनिवारी येतो."

"वापरणार आहे."

"कधी? पडायची भीती वाटते ना? मग चांगलं आहे की. भीती वाटणं म्हणजे शहाणपण आलं."

"शहाणपण नाही आलं, आई. नुसती भीती आली."

बहिणीने झाडू भिंतीला टेकवला. हाडांच्या खात्यात काम करणाऱ्या बाईला हा फरक कळत असावा. तिने भंगारवाल्याला परत पाठवले, पण अट घातली: त्याच उतारावर, तीच कड, सर्वांसमक्ष एकदाच. "कड ओलांडायची. आणि पडलीस तर पड, पण हात जमिनीला लागता कामा नये. हात लागला की फळी गेली. मग मामाला मध्ये घालायचं नाही."

भिंगरीने अट मान्य केली आणि मला बोलावून घेतले. तिच्यापुढे ती कादंबरी उघडी होती.

"मामा, हे खरं आहे का?"

"काय?"

"हे पाठ देणं. पोरं हसतात. म्हणतात, कडेपाशी कोणी उलटं वळत नाही, आपली चारही चाकं सारखी, पुढची काय आणि मागची काय. आणि हात कुशीत घेऊन फळीवर कोण उभं राहतं? तोल जाईल. म्हणतात, लेखकानं फळी लांबूनसुद्धा बघितलेली नाही."

"कादंबरीतलं सत्य हे निराळ्या प्रकारचं असतं," मी म्हणालो. "घटना घडली की नाही हा प्रश्नच गौण आहे. ती त्या रचनेत अपरिहार्य आहे का, हे बघायचं."

"मला रचना नकोय. हाड पुन्हा मोडेल की नाही, एवढंच विचारतेय." तिने पानावर बोट ठेवले. "मी डावा पाय पुढे ठेवून उभी राहते. म्हणजे डावा हात पुढे. मोडलेला. कड आली की तो हात आधी घाबरतो, मग मी. पण उलटं वळले की उजवं अंग पुढे येतं आणि हा हात मागे जातो. पोरांची चाकं सारखी आहेत, माझे हात सारखे नाहीत. हे कोणीतरी खरंच केलं असेल तर मीही करीन. त्यानं नुसतं बसून लिहिलं असेल तर नाही करणार."

तिच्या युक्तिवादात मला खोट दिसली नाही. लेखक आमच्याच शहरातला होता आणि त्याचे प्रकाशक आमच्या छापखान्याचे जुने ग्राहक होते, त्यामुळे पत्ता मिळायला अडचण पडली नाही. तो बस आगारात वेळापत्रक सांभाळणारा निवृत्त माणूस निघाला. मी सोबत माझी खुणा केलेली प्रत घेतली. भिंगरी म्हणाली, "तू भांडायला येतोयस." मी म्हणालो, चर्चेला.

घर तळमजल्यावर होते. दाराला उंबरठा नव्हता. तो कापून काढून तेथे सिमेंटचा मऊ उतार केलेला होता. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याहून थोड्या वर, रंग घासून गेला होता. मी हे पाहत असतानाच दार उघडले. दार उघडणाऱ्या बाई चाकांच्या खुर्चीत होत्या, आणि रंग ज्या उंचीवर गेला होता त्याच उंचीवर त्यांची कोपरे होती.

"अहो, वाचक आलेत," त्या आत वळून म्हणाल्या. "एक चिडलेला दिसतोय."

लेखक हातात अर्धी सोललेली काकडी घेऊन बाहेर आला. काटकुळा, कानावर पेन अडकवलेला. भिंगरीने बसण्याआधीच प्रश्न विचारला.

"काका, तुम्ही स्केटबोर्डवर कधी उभे राहिलात?"

"कधीच नाही, बाळ. मी स्टुलावरसुद्धा उभा राहत नाही."

भिंगरीचा चेहरा उतरला. तिने पुस्तक मिटले. ती दाराकडे वळणार इतक्यात खुर्चीतल्या काकू म्हणाल्या, "कुठलं पान?"

तिने पान उघडून दिले. काकूंनी चष्मा न लावता ते वाचले, किंबहुना न वाचताच त्या हसल्या.

"ही कड भाजीबाजाराची. मागच्या उताराची. यांनी नाही ओलांडली. मी ओलांडलीय, दर आठवड्याला. वरच्या मजल्यावर फळं स्वस्त मिळतात आणि खाली यायला दुसरी वाट नाही. पहिल्यांदा यांनी मला सरळ उतरवलं. ही पुढची चाकं बघ, बिस्किटाएवढी. कडेत अडकली, आणि मी टोपलीसकट नालीच्या पलीकडे."

"मी धरलं होतं," लेखक म्हणाला.

"खुर्चीला धरलं होतंत. मला कुठे? तेव्हापासून उलटं. मागची मोठी चाकं आधी. मी वर बघते, जिथून आलो तिथं, म्हणजे पोटात गोळा येत नाही."

"म्हणजे कात्री तुम्ही?" भिंगरीने विचारले.

"चाकं माझी. शिव्या यांच्या, आगारातल्या."

मी येथे एक रास्त प्रश्न उपस्थित केला. अनुभव जर खुर्चीचा होता, तर लेखकाने तो फळीच्या नावावर का खपवला? लेखक उत्तर जुळवू लागला, पण त्याला ते जुळवावे लागले नाही.

"मीच सांगितलं," काकू म्हणाल्या. "यांनी आधी खुर्चीतलीच बाई लिहिली होती. मी म्हटलं, अहो, हिला खुर्चीत बसवलीत की लोक आधी डोळे पुसतील, आणि डोळे पुसता पुसता पान उलटायचं विसरतील. पळवा तिला. रस्त्यावर पोरं जातात ना फळीवर, तसं पळवा. रस्ता तोच, चाकं तीच."

लेखकाशी माझी क्रियापदांवर थोडी बोलाचाली झाली. तो म्हणाला, "क्रियापद घातलं की चाक अडतं." मी म्हणालो, हे विधान क्रियापदांसहच केलेलं आहे, याची नोंद व्हावी. मग मी ती खूण काढून दाखवली. "निदान हे दोन शब्द काढा. 'हात कुशीत.' पोट आत आलं, नजर वर आली, कड गेली. हातांचं काय काम आहे? एवढे काढलेत तर परिच्छेद निर्दोष होतो."

"काढा की," काकू म्हणाल्या. "आणि मग तुमची बोटं द्या माझ्या चाकात. खुर्ची कलली की माणूस हात बाहेर काढतो, धरायला. आणि बाहेर काढला की तो चाकाखाली तरी जातो नाहीतर जमिनीवर आपटतो. मी एकदा काढला होता." त्यांनी उजव्या हाताची करंगळी दाखवली, ती इतर बोटांबरोबर वाकत नव्हती. "पडायचंय हे कळलं की हात पोटाशी घ्यायचे. बाळाला घेतो तसे. मग जे आपटतं ते आपटू दे."

भिंगरी खाली बसली, थेट फरशीवर. "माझी आई हेच म्हणते."

"आई काय करते?"

"प्लास्टर घालते."

"मग तिला ठाऊक असणारच. पुस्तकात असलं की तुम्ही पोरं ऐकता, आईनं सांगितलं की कानात बोळे."

"पण काकू, तुमच्या मागे काका असतात. माझ्या मागे कोण?"

"म्हणून तर मला जास्त भीती वाटते. यांच्या हाताला घाम येतो."

त्यानंतरच्या दिवसांत भिंगरी रोज कामावरून सुटल्यावर आमच्या गच्चीवर येई. मधोमध एक जाड दोर अंथरून ती त्याच्याकडे जाई, ऐन वेळी फळीसकट अर्धी फिरे, उजवे अंग पुढे येई, आणि वजन मागच्या टोकावर टाकून ती पुढची चाके दोरावरून हलकेच उचलून घेई. सुरुवातीला दोर सरके, नंतर भिंगरी घसरे. प्रत्येक वेळी ती हात पोटाशी घेऊन पडे. खालच्या मजल्यावरचे शिंपी दोनदा वर आले आणि छत पडणार असेल तर आधी सांगा, मशीन हलवतो, असे म्हणून गेले. मी पायरीवर बसून मुद्रिते तपासत होतो. तिने दोर पहिल्यांदा ओलांडला तेव्हा मी पाहत नव्हतो, याचा तिने मोठा गवगवा केला.

रविवारी सकाळी सर्व जण जमले. लेखक आणि काकूही आल्या. आपल्या परिच्छेदाची परीक्षा पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, असे लेखकाचे म्हणणे होते, आणि तो हक्क नवऱ्याचा नसून आपला आहे, असे काकूंचे. बहिणीने दोघांना नमस्कार केला, काकूंची करंगळी हातात घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाली, "वेळेवर बांधली असती तर सरळ झाली असती." मग तिने पिशवीतून एक मनगटपट्टी काढली. प्लास्टरखोलीत गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे पत्रे असतात, त्यातून ती घरी बसून भिंगरीच्या हाताच्या मापाने वळवलेली होती. हे तिने आम्हांला कोणाला सांगितले नव्हते.

"हे कशाला?" भिंगरी म्हणाली. "अट तर तू घातलीस."

"अट अट आहे, हात हात आहे. घाल."

भिंगरी वर गेली. मी जाळीच्या एका बाजूला उभा राहिलो, बहीण दुसऱ्या बाजूला. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. उतार रिकामा होता. आदल्या दिवशीच्या बाजाराची पाने कोपऱ्यांत आणि नालीपलीकडच्या सपाटीवर तशीच पडली होती.

ती निघाली. सिमेंटवर चाकांचा आवाज मोठा येतो; तो ऐकून बहिणीने डोळे मिटले आणि लगेच उघडले. भिंगरी उताराच्या मध्यावर आली तेव्हा तिचे डावे अंग पुढे होते, चेहरा आक्रसलेला होता आणि डावा पाय फळीच्या कडेकडे सरकू लागला होता. तो पाय आता खाली येणार, असे मला वाटले.

"पाठ दे!" काकू ओरडल्या.

ती वळली. फळी सिमेंटवर घासली, उजवे अंग पुढे आले आणि तिची मान वर, उताराच्या माथ्याकडे गेली. तेथे कोणीही नव्हते. तिने दोन्ही हात पोटाशी घेतले. पुढची चाके उचलली गेली, खट असा आवाज झाला, पाठोपाठ दुसरा खट झाला आणि ती नाली ओलांडून सपाटीवर आली. लेखकाने टाळी वाजवण्यासाठी हात उचलले. त्याच क्षणी चाकाखाली कोबीचे पान आले, फळी बाजूला निसटली आणि भिंगरी धपकन बुडावर बसली. तिचे हात पोटाशीच होते. ती तशीच थोडी घसरत गेली, थांबली आणि मोठ्याने हसू लागली.

वादाला तोंड मीच फोडले. मी म्हणालो, अटीचा मूळ हेतू कड ओलांडणे हा होता; कोबीचे पान हा अटीच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. लेखक म्हणाला, पडणे तर कात्रीलाही चुकलेले नाही, पुढच्याच प्रकरणात ती पडते. काकू म्हणाल्या, "तुम्ही दोघं गप्प बसा, तिला बघू द्या."

बहीण मुलीजवळ गेली आणि खाली बसली. तिने मनगटपट्टी सोडली, हात पालथा केला, उलटा केला. तळव्यावर धूळ नव्हती. तिने अंगठ्याने मनगटाचे हाड चाचपले, एकेक बोट वाकवून पाहिले.

"मूठ आवळ."

भिंगरीने मूठ आवळली.

"अजून जोरात. दुखतंय?"

"बूड दुखतंय."

"बुडाचं मी बघत नाही, ते दुसरं खातं." ती उठली. फळी नालीकडे परत घरंगळत आली होती. तिने ती उचलली, उलटी करून चारही चाके हाताने एकदा फिरवून पाहिली आणि मुलीच्या मांडीवर ठेवली.

"हात लागला नाही. फळी राहील."